टॉक्सोप्लाझ्मा : गर्भाचा अदृश्य शत्रु

घटसर्प, धनुर्वात, गोंवर यांवरील लशी आतां इतक्या परिचयाच्या झाल्या आहेत कीं, रोग कळला म्हणजे त्यावर लस ही निघणारच, असें सुशिक्षितांसही वाटूं लागतें. टॉक्सोप्लाझ्मा नामक जंतूची हकीकत मात्र निराळी आहे. १९०८ सालीं ट्यूनिस येथील पाश्चर संस्थेंत निकोल व मांसो यांस तो 'गुंडी' नांवाच्या उंदरासारख्या प्राण्यांत सांपडला. आकृति धनुष्यासारखी वक्र, म्हणून ग्रीक भाषेंतील धनुर्वाचक 'टॉक्सोन' शब्दावरून त्याचें नामकरण झालें. त्यास शतकाहून अधिक काळ लोटला, तरी मनुष्यासाठीं त्यावर लस नाहीं.

निरोगी मनुष्यास हा जंतु सहसा जाणवतही नाहीं. परंतु गर्भारपणांत तो प्रथमच जडला, तर वारेंतून गर्भापर्यंत पोंचून मेंदूस व डोळ्यांस इजा करूं शकतो. क्वचित् गर्भपातही घडतो. 'आम्ही शाकाहारी, आम्हांस त्याची धास्ती कशाला?' असें कोणी म्हणेल. कच्चें मांस हा एक मार्ग खरा; पण मांजराच्या विष्ठेंतून पडणारे त्याचे बीजकोष मातींत महिनोन् महिने टिकतात, आणि न धुतलेल्या भाजीबरोबर किंवा दूषित पाण्याबरोबर कोणाच्याही पोटांत जातात. १९९५ सालीं कॅनडांतील व्हिक्टोरिया शहरीं उद्भवलेल्या सांथीचा माग नगराच्या पाणीपुरवठ्यापर्यंतच लागला.

लशीचे मुख्य मार्ग दोन. पहिला, जिवंत पण दुर्बल केलेला जंतु टोंचणें. न्यूझीलंडमध्यें 'एस ४८' नामक वाण तीन हजारांहून अधिक वेळां उंदरांच्या शरीरांतून नेल्यावर त्याची कोष बांधण्याची शक्ति नष्ट झाली. १९८८ पासून तेथें तो मेंढ्यांस टोंचण्यांत येऊं लागला व त्यांचे गर्भपात घटले. परंतु जिवंत जंतु तो जिवंतच. गर्भाच्या रक्षणासाठीं गर्भालाच धोका पत्करावा, हें मनुष्याच्या बाबतींत कोण मान्य करील?

दुसरा मार्ग, जंतु वगळून त्याचीं केवळ प्रथिनें देणें. शत्रु न आणतां त्याचा गणवेश तेवढा दाखवावा, म्हणजे पहारेकरी पुढें त्यास ओळखतील, असा हा न्याय. 'ब' काविळीची लस विषाणूच्या एकाच पृष्ठप्रथिनावर उभी आहे. टॉक्सोप्लाझ्माच्या पृष्ठावरील 'सॅग १', पेशींत शिरतांना तो सोडतो तीं 'मिक' व 'रॉप', आंत राहतांना सोडतो तीं 'ग्रा', अशा अनेक प्रथिनांचे प्रयोग उंदरांवर झाले. पुष्कळदां उंदीर अधिक दिवस जगले व त्यांच्या मेंदूंतील कोषही घटले. परंतु पूर्ण संरक्षण साधलें नाहीं. कारण हा जंतु अवस्थेगणिक गणवेश पालटतो. त्वरेनें वाढणाऱ्या अवस्थेंतील 'सॅग १' कोषांत दडलेल्या मंद अवस्थेंत आढळत नाहीं. शिवाय तो पेशींच्या आंत राहतो, म्हणून रक्तांतील प्रतिद्रव्यें एकटीं पुरत नाहींत. संरक्षक पेशींसही सिद्ध करावें लागतें. यास्तव आतां अनेक प्रथिनांचें मिश्रण व त्यास चेतना देणारीं सहायक द्रव्यें यांवर भर आहे.

हें असाध्य खचित नव्हे. ह्याच जंतूच्या दूरच्या भाऊबंदावर, म्हणजे हिंवतापाच्या जंतूवर, प्रथिनाधिष्ठित लस सिद्ध झालीच आहे. ऑक्सफर्ड येथें योजिलेली 'आर २१' लस पुण्याच्या सीरम संस्थेंत तयार होते. २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तिची शिफारस केली.

तोंपर्यंत मात्र रक्षणाचा भार स्वयंपाकघरावर आहे. भाजी व फळें स्वच्छ धुवावीं, संशयित पाणी उकळावें, मातीकामानंतर हात धुवावे. घरच्या मांजरास हांकलण्याचें कारण नाहीं. त्याची घाण रोजच्या रोज, गर्भवतीखेरीज दुसऱ्या कोणीं काढावी, कारण ताजे बीजकोष घातक होण्यास निदान एक दिवस तरी लागतो.

एक गोष्ट वडील मंडळींस आवर्जून सांगावीशी वाटते. सुनेच्या रक्तांत जुन्या संसर्गाची खूण आढळली, तर तो तिचा दोष नव्हे. निरोगी स्त्रीच्या ठायीं ती बहुधा पुढील गर्भाचें कवचच ठरते. तपासणीच्या कागदाचा अर्थ जाणत्या वैद्यास विचारावा. अपूर्ण ज्ञानावर कोणा मातेस बोल लावूं नये. जी लस अद्याप शास्त्रास साधली नाहीं, तिच्या अभावाचें शासन घरांतील सर्वांत दुबळ्या व्यक्तीस कां व्हावें?