गाळणी बदलण्याचे ज्ञान

नांदेडचा मोंढा असो की लातूरचा आडत बाजार, पहाटेच्या वेळी तेथे उभ्या असलेल्या वाहनांत पिकअप गाड्यांचा भरणा मोठा असतो. सोयाबीन, तूर, हरभरा, अर्धापूरकडील केळी, भाजीपाला, सिमेंटची पोती, लग्नाचा मंडप, या साऱ्यांची ने-आण हीच गाडी करते. एकेकाळी ट्रक व्यापाऱ्याचा आणि बैलगाडी शेतकऱ्याची, अशी सरळ वाटणी होती. पिकअपने ती मोडून टाकली. दोन-चार एकर कोरडवाहू जमिनीवर भागत नाही म्हणून घरातील एका मुलाने कर्ज काढून घेतलेली गाडी, हे मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांचे दुसरे शेत झाले आहे. या शेताला पावसाची वाट पाहावी लागत नाही, हे खरे. पण हप्ता दरमहा भरावा लागतो. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचे भाडे बुडते, हप्ता मात्र थांबत नाही.

अशी गाडी भरल्या मालानिशी अहमदपूर-लोह्याच्या रस्त्यावर ओढ धरीनाशी होते, गचके देऊ लागते आणि अखेर बंद पडते, तेव्हा त्याची अनेक कारणे संभवतात. त्यांतील सर्वांत साधे कारण म्हणजे डिझेलचा तुंबलेला फिल्टर. ही वस्तू काही शे रुपयांपासून फार तर एक-दोन हजारांपर्यंत मिळते आणि घरच्या अंगणात तासाभरात बदलता येते. तरीही ती वेळेवर बदलली जात नाही. हा केवळ आळसाचा प्रश्न आहे काय? की ज्याच्या जिवावर घर चालते त्या यंत्राविषयीचे प्राथमिक ज्ञानच आपल्या समाजाने त्याच्या मालकापर्यंत पोहोचू दिलेले नाही?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती अतिशय तापते आणि त्या तापल्या हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल यांना या कल्पनेचे पेटंट १८९३ मध्ये मिळाले आणि १८९७ मध्ये जर्मनीतील औग्सबर्ग येथे त्यांचे इंजिन यशस्वी ठरले. तथापि ते अवजड यंत्र रस्त्यावरील गाडीत बसण्यासाठी डिझेल मोजून आणि दाबाने सोडणारा लहान पंप हवा होता. बॉशच्या कारखान्याने असा पंप १९२७ पासून मोठ्या संख्येने बनविण्यास आरंभ केला. भारतात हे काम १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या ‘मायको’ कंपनीने हाती घेतले. पुढे तिचा कारखाना नाशिकलाही उभा राहिला आणि तेथील मायको सर्कलला त्याचेच नाव पडले.

या पंपाचे सामर्थ्य त्याच्या अचूकतेत आहे आणि त्याचे दुबळेपणही तेथेच आहे. त्याच्या आतील सरकत्या भागांमधील फट अवघी २ ते ४ मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही या फटीत शिरला तर ओरखडा उठवतो. पाण्याने पोलादाला गंज चढतो. ही दोन्ही संकटे अडविण्याचे काम फिल्टर करतो. त्यातील कागदाच्या घड्या कण धरून ठेवतात, आणि पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. तेथून ते खालच्या स्क्रूने काढून टाकता येते.

मराठवाड्यात ही दोन्ही संकटे अधिक संभवतात. उन्हाळ्यात इकडील कच्च्या रस्त्यांवर उडणारी धूळ सर्वांच्या परिचयाची आहे. पेट्रोल पंप लांब असला की डिझेल कॅनमध्ये आणून ठेवायचे आणि उघड्या नरसाळ्याने टाकीत ओतायचे, हीही रूढ पद्धत आहे. अर्धवट रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील बाष्पाचे पाणी होते. पावसाळ्यात त्यात भर पडते. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेले किलोमीटरचे अंतर ही कमाल मर्यादा समजावी, आणि तळाचे पाणी त्याआधीही अधूनमधून काढावे, हेच शहाणपणाचे.

बदलण्याची रीत अवघड नाही. गाडी सपाट व मोकळ्या जागी उभी करून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. आसपास विस्तव वा बिडी नसावी. फिल्टरला तारा जोडलेल्या असतील तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवावी. फिल्टरभोवतीची धूळ पुसून काढावी, खाली परात ठेवून आतील डिझेल उतरवून घ्यावे, आणि कोणती नळी कोठे होती याची खूण करून मगच जुना फिल्टर काढावा. जुनी रबरी रिंग वरच्या भागाला चिकटून राहिलेली नाही ना, हे पाहावे. पुष्कळशी गळती तेथूनच सुरू होते. पाणी दाखवणारा सेन्सर जुन्या फिल्टरला असेल तर तो जपून नव्याला लावावा. नव्या रिंगला स्वच्छ डिझेलचे बोट लावून फिल्टर पुस्तिकेत सांगितला असेल तेवढाच आवळावा. नव्या फिल्टरच्या मधल्या भोकातून कॅनमधील डिझेल कधीही ओतू नये. ती गाळून झालेल्या डिझेलची वाट असते आणि तेथून ओतलेली घाण थेट पंपात जाते. शेवटी हातपंप दाबून, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हवा काढावी, गाडी सुरू करावी आणि कोठे पाझर आहे का, हे पाहावे. उतरवलेले डिझेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

मात्र येथे एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जुन्या इंजिनांत हवा काढण्यासाठी नोझलकडे जाणाऱ्या नळीची नट ढिली करण्याची पद्धत होती आणि गॅरेजमधून ती अजूनही सांगितली जाते. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. आजच्या पिकअपमध्ये जी कॉमन रेल पद्धत असते तिच्यातील दाब १,००० ते २,००० बारपर्यंत जातो. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब २ बारच्या आसपास असतो, यावरून त्याची कल्पना यावी. अशा नळीतून निसटलेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते, पण आतील मांस सडू लागते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. तेव्हा फिल्टरच्या पुढील उच्च दाबाच्या कोणत्याही नळीला घरी हात लावू नये. आपले ज्ञान कोठे संपते हे ज्याला कळते, त्याच्याच हाती पाना शोभतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. मालकच फिल्टर बदलू लागले तर मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल, असा तो आक्षेप आहे. त्यात सहानुभूती असली तरी तथ्य नाही. गॅरेजमधील उस्तादाचे खरे कौशल्य बिघाडाचे मूळ शोधण्यात असते. फिल्टर फिरवून काढण्यात नव्हे. वेळेवर फिल्टर न बदलल्याने पंप आणि इंजेक्टर निकामी होतात, तेव्हा जो हजारो रुपयांचा खर्च येतो त्यातील मोठा वाटा नव्या सुट्या भागांच्या किमतीत जातो, उस्तादाच्या मजुरीत नव्हे. शिवाय थोडेफार जाणणारा मालकच चांगल्या कारागिराची पारख करू शकतो आणि नकली फिल्टर गळ्यात बांधणाऱ्याला बिल व भागाचा क्रमांक विचारू शकतो.

हे ज्ञान इकडे कधी नव्हतेच, असेही नाही. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील काळात विहिरी-विहिरींवर डिझेलची इंजिने धडधडू लागली. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे ज्या शेतकऱ्याने असे इंजिन चालविले, तो चार यत्ता शिकलेला असो वा नसो, फिल्टर साफ करणे आणि पंपाची हवा काढणे त्याला करावेच लागे. विजेची मोटार आली, बटण दाबले की पाणी येऊ लागले, आणि हे कौशल्य हळूहळू विस्मरणात गेले. त्याच्या नातवाच्या दारात त्याहून कितीतरी नाजूक डिझेल इंजिन उभे आहे. पण त्याची पुस्तिका बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असते आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून सहसा बाहेरही निघत नाही. यंत्राविषयी मराठीत लिहिता येत नाही, असे कोणी म्हणू नये. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक मराठीतच सुरू केले होते.

परंतु केवळ कंपन्यांना दोष देऊन शिक्षणक्षेत्राला आपली सुटका करून घेता येणार नाही. ‘लातूर पॅटर्न’चे नाव राज्यभर घेतले जाते, नांदेडमध्येही प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांना दूरदूरचे विद्यार्थी येतात. या वर्गांतून घनता, दाब, द्रवांचे वहन यांवरील शेकडो प्रश्न विद्यार्थी मिनिटागणिक सोडवितात. पाणी डिझेलच्या तळाशी का बसते, हा त्याच घनतेचा प्रश्न आहे. पण दारातल्या गाडीकडे बोट दाखवून तो विचारला जात नाही. हाताने करावयाचे काम नापासांसाठी आणि डोक्याचे काम गुणवंतांसाठी, ही फाळणी आपण शाळेतच शिकवतो. मग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील ‘मेकॅनिक डिझेल’ हा अभ्यासक्रम नाइलाजाचा मानला जातो, यात नवल ते काय?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे आणि वाहने ही दोन्ही क्षेत्रे त्यात समाविष्ट आहेत. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु दुरुस्तीची माहिती ग्राहकाला वाचता येईल अशा भाषेत नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. वॉरंटीच्या काळात कोणते काम स्वतः केले तर चालते आणि कोणते चालत नाही, हेही मालकाला त्याच्या भाषेत समजले पाहिजे.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मालवाहू गाडीबरोबर मराठी पुस्तिका मिळावी आणि तीत घरी करता येण्याजोगी कामे व हात न लावण्याजोगे भाग आकृत्यांसह दाखवावेत. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी रविवारी गाडीमालकांसाठी अर्ध्या दिवसाचा वर्ग घ्यावा. इमारत, यंत्रे आणि शिक्षक तेथे आहेतच. आणि माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकाने वर्षातून एकदा तरी एक जुना फिल्टर वर्गात कापून दाखवावा. त्या काळ्या पडलेल्या कागदाच्या घड्या पाहून मुलांना गाळण्याची क्रिया समजेल. शिवाय आपल्या बापाची गाडी रस्त्यात का थांबली होती, हेही त्यांतील काहींना प्रथमच उमजेल.