पाहुण्यांची खोली आणि कर्जाचा पलंग

मांडव्याकडच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे : "घराच्या मागल्या दोन खोल्या मुंबईच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या आहेत. मुलगा म्हणतो, घर तारण ठेवून कर्ज काढू आणि पलंग, सोफा, कपाट सगळे नवे घेऊ. काय करावे?"

ताई, मुलाचा उत्साह चांगला आहे, पण कर्जाची घाई नको. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, मोटारीसकट माणसे येऊ लागली, हे खरे. पण पाहुणा येतो शनिवार-रविवारी आणि हप्ता येतो दर महिन्याला. गेटवेच्या लाँची पावसाळ्यात बंद असतात, हप्ता बंद नसतो.

तेव्हा आधी एकच खोली सजवावी. पहिला पैसा संडास-न्हाणीघरावर घालावा, दुसरा चांगल्या गादीवर.

पलंग मात्र नवा कशाला? माळ्यावरची सागाची किंवा फणसाची जुनी खाट उतरवावी. सुताराकडून सांधे घट्ट करून घ्यावेत, काचकागदाने घासून बेलतेलाचे दोन हात द्यावेत. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवावेत.

स्वस्त लोखंडी पलंग खाऱ्या वाऱ्याने गंजतो आणि चादरींना डाग पाडतो. भुशाच्या फळ्यांचे कपाट दमट हवेत फुगते. त्यापेक्षा भिंतीला लाकडी खुंट्या आणि एक रुंद फळी पुरे.

प्रत्येक गादीला तीन चादरी ठेवाव्यात : एक अंथरलेली, एक धुण्यात, एक घडीची. पांघरायला सोलापुरी चादर, शिवाय मच्छरदाणी, पिण्याच्या पाण्याचा माठ आणि वीज गेल्यावर लागणारी बॅटरी. पावसाळ्यात गाद्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत. फळ्यांवर ठेवाव्यात आणि उघडीप मिळताच ऊन दाखवावे, म्हणजे बुरशी धरत नाही.

ग्रामपंचायतीत आणि पर्यटन खात्याकडे निवास व न्याहारी योजनेची चौकशी आधीच करावी. पहिल्या खोलीच्या भाड्यातून दुसरी खोली उभी करावी.

किनाऱ्यालगतच्या कितीतरी जमिनी बंगलेवाल्यांकडे गेल्या. तुमचे घर अजून तुमच्या नावावर आहे, हीच खरी पुंजी. ती सोफ्यापायी गहाण पडू देऊ नका.