जनता पुसली गेली!

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या हिंगोलीच्या घरात कोणतीही वस्तू सुरक्षित नसते. समया चिंचेने घासल्या जातात, पितळी डबे राखेने, आणि हाताला काम न उरलेला माणूस – म्हणजे मी – कपाटे उपसू लागतो. यंदा कपाटाच्या तळाशी वडिलांचे मनगटी घड्याळ सापडले. एच.एम.टी. जनता. चावीचे, सतरा खड्यांचे.

हे घड्याळ वडिलांनी 1968 साली घेतले. बंगळूरच्या सरकारी कारखान्यात जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने 1961 साली घड्याळे होऊ लागली होती, आणि देशी घड्याळ हातात असणे ही तेव्हा मिरवण्याची गोष्ट होती. वडील कयाधूपलीकडच्या एका खेड्यात शिक्षक होते. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच. जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. एका पावसाळ्यात नदी उतरताना त्यांचा पाय घसरला आणि घड्याळात पाणी शिरले. तेव्हापासून चारच्या आकड्यापाशी चहाच्या थेंबाएवढा तपकिरी डाग होता.

तो डाग काढावा, अशी मला बुद्धी झाली. समया लखलखतात, मग घड्याळाने काय पाप केले? काच सैलच होती, नखाने उचकली तशी निघाली. कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवला आणि मी हलक्या हाताने, अगदी हलक्या हाताने, पुसले. डाग जागच्या जागी राहिला. ‘जनता’ हा शब्द मात्र कापसावर आला! वरचे ‘एच.एम.टी.’ तेवढे वाचले. वाचकहो, जनता पुसली जावी आणि सरकारी कंपनी शिल्लक राहावी, हे माझ्या हातून घडले. वर सेकंदाचा काटाही वाकवून ठेवला.

घड्याळ रुमालात बांधून बाजारातल्या घड्याळवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. हे वैद्याच्या न बोलण्यासारखेच वाईट.

“धुतलं का?” त्यांनी शेवटी विचारले.

“थोडंसं.”

“गुरुजी असते तर तुम्हाला बाकावर उभं केलं असतं.”

मग त्यांनी मला तबकडीचे शास्त्र सांगितले. खाली पितळेचा पातळ पत्रा, त्यावर रुपेरी मुलामा, त्यावर पारदर्शक वार्निश, आणि अक्षरे सर्वांत वर, नुसत्या शाईची. पाणी वार्निशाच्या खाली शिरले की मुलामा काळवंडतो. म्हणजे डाग आत आणि नाव बाहेर. पुसणाऱ्याच्या हाती नावच लागायचे!

काटे काढताना त्यांनी तबकडीवर पॉलिथिनचा तुकडा पसरला, दोन बाजूंनी दोन बारीक तरफा लावल्या आणि काटे अलगद वर उचलले. तबकडीच्या पाठीला दोन बारीक पाय असतात, ते यंत्राच्या कडेच्या स्क्रूंनी धरलेले असतात. ते मोडले तर तबकडी गरगरते. मी तेवढे केले नव्हते, याबद्दल त्यांनी माझे अभिनंदन केले.

“आता दोन रस्ते,” चाचा म्हणाले. “कंपनीची नवी तबकडी विसरा.” एच.एम.टी. वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 साली घेतला, हे मलाही ठाऊक होते. “मुंबईला पाठवा. तिथं जुना रंग काढतात, पत्रा घासतात, नवा रंग मारतात, वर ठशानं अक्षरं उठवतात. डाग जाईल, नाव परत येईल. पाहिजे तर तबकडी लाल करून देतील, निळी करून देतील.” अशा रंगवलेल्या घड्याळांना परदेशातले शौकीन ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि नाक मुरडतात, हे मी नंतर वाचले. त्यांच्या नाकाचे मला सोयरसुतक नाही. पण लाल तबकडीचे घड्याळ घातलेले वडील काही माझ्या डोळ्यांसमोर येईनात.

“आणि दुसरा रस्ता?”

“आहे तसं ठेवायचं. काटे साफ करतो, वाकलेला सरळ करतो. ठिपके पडलेत ते राहतील. घरी विचारून या.”

घरी विचारायचे म्हणजे आईला. तिचे वय अठ्ठ्याऐंशी. तबकडी कागदाच्या पुडीत घालून तिच्यापुढे धरली आणि गुन्हा कबूल केला. तिने पुडी खिडकीपाशी नेली.

“हा डाग. त्या दिवशी संध्याकाळ झाली तरी आले नव्हते. मी दारातच उभी.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “काय पुसलं म्हणतोस?”

“जनता.”

“तसं लिहिलं होतं का त्याच्यावर?”

चाचांनी चार दिवस घेतले. माझ्यासमोरच काटे बसवले. तास काटा आणि मिनिट काटा, दोन्ही बरोबर बारावर. मग चावीने काटे फिरवत एकेक तास पुढे नेला आणि भिंगातून दोन काट्यांमधली फट पाहिली. एकमेकांना घासले तर घड्याळ थांबते. चारच्या डागावरून सेकंद काटा तीनदा गेला, तेव्हा त्यांनी नवी काच दाबून बसवली.

आई रोज सकाळी त्याला चावी देते. घड्याळ दिवसाला दोन मिनिटे पुढे जाते. चाचा म्हणतात, आणून द्या, लावून देतो. आई देत नाही. तिला शंका आहे की वाटेत मी ते पुन्हा धुवीन.