कापड तारापूरचे, नाव कुणाचे?

नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने कायमची ठेव ठेवली होती. एकीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, पाऊण टक्क्याने. व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या चीवरांची सोय व्हावयाची. मुद्दल परत मागावयाचे नाही. उद्योजकांचे संघटन ही पश्चिमेकडून आलेली कल्पना आहे, असे समजणाऱ्यांनी हा लेख एकदा अवश्य वाचावा. राजघराण्यातील पुरुषाने निर्धास्तपणे पैसा सोपवावा, एवढी त्या कोष्ट्यांच्या श्रेणीची पत होती.

त्याच लेण्यातील उषवदाताच्या दुसऱ्या एका लेखात शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा, आणि दाहनुका नदीवरील विनामूल्य तरींचाही उल्लेख येतो. सोपारे आणि डहाणू यांच्या मधल्या पट्ट्यात आज सफाळे आहे, आणि त्याच्या उत्तरेला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धावू लागली, तेव्हा सफाळ्याच्या तरुणांना रोजगारासाठी दोन्ही दिशा खुल्या झाल्या. तारापुरात सियारामसारख्या नामवंत कंपन्यांचे कारखाने आहेत. विणकाम, रंगाई, प्रक्रिया येथे होते. तरीही तयार कपड्यांची बाजारपेठ म्हटली की नाव निघते ते मुंबईचे. कापडाच्या किमतीत खरी भर पडते ती कल्पकतेने, बेतण्याने आणि शिलाईने. ती भर ज्या गावी पडते, पैसाही त्याच गावी राहतो.

हे चित्र पालटू शकते, याचा दाखला सोलापुरात आहे. १८७७ मध्ये तेथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. पुढे एकेक करून मोठ्या गिरण्या बंद पडल्या. चादरीने शहराचे नाव राखले, परंतु चादरीवर सारे शहर कसे जगणार? तेथील रेडिमेड कापड उत्पादक संघाने वेगळा विचार केला. फॅशनच्या मागे धावण्याऐवजी त्याने एकच वस्तू निवडली: गणवेश. शाळा आणि रुग्णालये असेपर्यंत तिची मागणी आटणार नाही. जानेवारी २०१७ मध्ये संघाने सोलापुरातच गणवेशांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरविले आणि पुढे ते महाराष्ट्राबाहेरही नेले. चार-दहा यंत्रांवर काम करणारा शिलाई-उद्योजक परप्रांतातील घाऊक व्यापाऱ्याचे दार ठोठावू शकत नाही. येथे व्यापारीच त्याच्या दारी आला. संघटनेचे काम ते हेच. मंत्र्यांना निवेदने देणे आणि सत्कार-समारंभ घडविणे, हे कोणालाही जमते.

तारापूरच्या उद्योजकांचीही संघटना आहे, आणि जुनी आहे. मात्र सांडपाण्याच्या प्रश्नाने या वसाहतीची प्रतिमा मलीन केली आहे. नवापूरच्या समुद्रात जाणाऱ्या पाण्याने मासेमारी धोक्यात आली, म्हणून मांगेला समाजाची परिषद हरित लवादाकडे गेली. २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर कोट्यवधींची भरपाई बसविली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयात काय व्हायचे ते होवो. रंगाईचे पाणी शुद्ध करणे हा खर्च नसून धंद्याचा पाया आहे, हे सदस्यांना संघटनेनेच सुनवावयास हवे होते. १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना करणाऱ्या दत्तोपंत ठेंगडी यांनी उद्योगाकडे परिवार म्हणून पाहण्याचा आग्रह धरला. त्या परिवारात मालक-कामगारांबरोबर नवापूरचा मच्छीमारही धरावा लागेल.

आणि सफाळ्या-डहाणूकडच्या वनवासी मुलीही. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी, २०११ मध्ये, गंजाडचे जिव्या सोमा मशे पद्मश्रीने गौरविले गेले. याच जिल्ह्यात कापड आहे, याच जिल्ह्यात चित्र आहे. मग चित्र कापडावर उतरवून, मूळ कलावंताला त्याचा वाटा देऊन, तयार वस्त्र विकावयास बाहेरच्या माणसाची वाट कशासाठी पाहावयाची? संघटनेने मनावर घेतल्यास पहिला खर्च फार मोठा नाही: काही शिलाई-यंत्रे, एक जाणता शिक्षक आणि वसाहतीतील गिरण्यांकडे उरलेले तुकडे. वर्ग बोईसरला न काढता सफाळ्यालाच काढावा. मुलींचे गाडीभाडे वाचेल आणि संध्याकाळी घरी परतण्याची चिंता घरच्यांना राहणार नाही.