टोळ आले तेव्हा विचारायचे कुणाला?

25 मे 2020 रोजी वाळवंटी टोळांचा थवा जयपूर शहरात शिरला. मुरलीपुरा, विद्याधर नगर यांसारख्या निवासी भागांत भिंती, गच्च्या आणि झाडे गुलाबी किड्यांनी झाकली गेली. टाळेबंदीचे दिवस होते. घरातील माणसांनी गच्चीवरून टिपलेली चित्रणे काही तासांतच देशभर फिरली. त्याच सुमारास दुसरे थवे मध्य प्रदेशातून महाराष्ट्रात उतरले. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी-वरुड, वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि नागपूर जिल्ह्यातील काटोल असा त्यांचा प्रवास झाला आणि विदर्भाचा संत्रापट्टा धास्तावला.

त्या चित्रणांमध्ये शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची माहिती उघड दिसत होती. टोळ गुलाबी होते. वाळवंटी टोळाचा गुलाबी प्रौढ लैंगिकदृष्ट्या अपक्व असतो. तो पिवळा पडल्यावरच मीलन आणि अंडी घालणे सुरू होते. म्हणजे हे थवे खादाड आणि दूरवर उडणारे होते, परंतु विदर्भाच्या जमिनीत त्या आठवड्यात अंडी घालण्याच्या अवस्थेत नव्हते. रब्बीची काढणी उरकली होती आणि खरिपाची पेरणी व्हायची होती. धोका होता तो संत्र्याच्या पालवीला, भाजीपाल्याला आणि उन्हाळी मुगाला. कोणत्याही कीटकशास्त्रज्ञाने हे दोन मिनिटांत सांगितले असते. बातम्यांत मात्र त्याचा उल्लेख अभावानेच आढळला. तेथे बोलबाला होता तो ‘एक चौरस किलोमीटरचा थवा एका दिवसात 35,000 माणसांचे अन्न फस्त करतो’ या वाक्याचा.

हे वाक्य खोटे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे, म्हणजे एफएओचे, हे गणित आहे. चौरस किलोमीटरच्या थव्यात सुमारे 4 कोटी टोळ धरले आणि प्रत्येक टोळ दिवसाला स्वतःच्या वजनाइतके, म्हणजे साधारण 2 ग्रॅम खातो असे मानले, तर 80,000 किलो होतात. एका माणसाचे दिवसाचे अन्न 2.3 किलो धरल्यास तितक्यात सुमारे 35,000 माणसे जेवतात. परंतु टोळ खातो तो हिरवा पाला. त्यात बाभूळ आली, कडुनिंब आला, बांधावरचे तणही आले. ही तुलना वजनाची आहे, धान्याच्या नुकसानीची नाही. एवढे एक वाक्य पुढे जोडले गेले असते, तर आकडा तोच राहूनही वाचकाच्या मनातील चित्र बदलले असते. ते वाक्य जोडणे हे तज्ज्ञाचे काम, आणि तज्ज्ञाला गाठणे हे वार्ताहराचे. दोघांची ओळख व्हावी ती नेमकी आपत्तीच्या दिवशी, ही या प्रकरणातील खरी अडचण होती.

माहिती नव्हती असे मुळीच म्हणता येणार नाही. 2018 साली मेकुनू आणि लुबान या दोन चक्रीवादळांनी अरबस्तानातील ओसाड वाळवंटात पाऊस पाडला, तेथे टोळांच्या पिढ्या कुणाच्या नजरेस न पडता वाढल्या, पुढे येमेन, इराण आणि पाकिस्तान असा त्यांचा विस्तार झाला. भारतात ते मे 2019 मध्येच शिरले होते. जैसलमेर, बाडमेर, जालोर या जिल्ह्यांनी आणि गुजरातच्या बनासकांठ्याने त्या हंगामात त्यांचा मारा सोसला होता. 2020 च्या सुरुवातीपासून एफएओच्या पत्रिका नैर्ऋत्य आशियातील वसंत ऋतूतील प्रजननाकडे लक्ष वेधत होत्या. आपल्याकडे टोळधाड इशारा संघटना 1939 पासून काम करते. राजस्थान आणि गुजरात मिळून तिची दहा मंडळ कार्यालये आहेत. मे महिन्यात राजस्थानात हिरवळ नव्हती, वारा पश्चिमेचा होता, आणि बंगालच्या उपसागरातील अम्फान चक्रीवादळामुळे तो अधिक जोराचा झाला. म्हणून थवे वाळवंटात न थांबता पूर्वेकडे सरकले. ही कारणमीमांसाही एफएओने त्याच आठवड्यात मांडली होती. फक्त तिची पत्रिका इंग्रजी, फ्रेंच आणि अरबी भाषांत निघते. काटोलच्या बागायतदारापर्यंत ती पोहोचवायची असेल, तर मध्ये कुणीतरी मराठीत बोलणारा माणूस लागतो.

जयपूरच्या बाबतीत तर हे अधिकच ठळक होते. देशातील मोठ्या वृत्तपत्रकेंद्रांपैकी हे एक. ‘राजस्थान पत्रिका’ 1956 पासून येथून निघते. शहराच्या दक्षिण भागातील दुर्गापुरा येथे राजस्थान कृषी संशोधन संस्था आहे आणि हुमणीवरील कामामुळे तिचे नाव देशभरच्या कीटकशास्त्रज्ञांना परिचित आहे. एकाच शहरात वार्ताहरही आहेत आणि कीटकशास्त्रज्ञही. तरीही कीटकांची कोणती शाखा कुणाची, टोळांविषयी बोलेल कोण, औषधांच्या विषारीपणाविषयी कोण, याची यादी बहुतेक वृत्तपत्र कार्यालयांत नसते. महाराष्ट्रातही चित्र फार वेगळे नाही. वार्ताहराच्या दूरध्वनीत जो क्रमांक आधीपासून असतो, तोच तज्ज्ञ ठरतो. तो मग कापूस पैदासकार असला तरी टोळांवर बोलतो.

त्या आठवड्यात आणखी एक प्रश्न उभा राहिला आणि तो अधिक अवघड होता. टोळांवर प्रामुख्याने मॅलेथिऑनची फवारणी होत होती. केंद्र सरकारने 14 मे 2020 च्या मसुदा आदेशात ज्या 27 कीडनाशकांवर बंदी प्रस्तावित केली होती, त्यांत मॅलेथिऑनचेही नाव होते. बंदीच्या यादीतील औषध शासनच कसे फवारते, हा वार्ताहरांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तरही होते, मात्र एका वाक्यात बसणारे नव्हते. आदेश मसुदा अवस्थेत होता, त्यावर हरकती यायच्या होत्या. थवा रात्री झाडांवर विसावतो, तेव्हा पहाटे अतिअल्प मात्रेत केलेली फवारणी आणि भाजीच्या पिकावर महिनोन्‌महिने होणारी फवारणी यांतील धोका सारखा नसतो. मेटारायझियम या बुरशीवर आधारित जैविक उपाय आहे, पण त्याचा परिणाम दिसायला बरेच दिवस लागतात. वाळवंटातील पिलांवर तो शोभतो, रोज शंभर-दीडशे किलोमीटर सरकणाऱ्या थव्यावर नाही. आणि हे सगळे सांगून झाल्यावरही मधमाश्या, पाण्याच्या टाक्या आणि फवारलेला चारा यांविषयीची काळजी खरीच उरते. असे उत्तर देणारा शास्त्रज्ञ औषध कंपनीचा किंवा शासनाचा वकील वाटत नाही, कारण तो गैरसोयीची बाजूही सांगतो. पुढे 2023 च्या अंतिम आदेशात मॅलेथिऑनवर सरसकट बंदी आली नाही. त्या निर्णयाची शास्त्रीय बाजू कोणती आणि व्यवहाराची कोणती, यावर मराठीत जाहीर चर्चा व्हायला हवी होती; ती फारशी झाली नाही.

शास्त्रज्ञ बोलत का नाहीत, याचे एक ठरलेले उत्तर दिले जाते: सेवानियम आडवे येतात. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मधील नियम 8 मुळातून वाचला तर निराळे दिसते. बंधन आहे ते वृत्तपत्राची मालकी, संपादन किंवा व्यवस्थापन यांवर. कर्तव्य बजावताना माध्यमांत सहभागी होण्यास नियम मज्जाव करत नाही. मते व्यक्तिगत आहेत, शासनाची नव्हेत, हे मात्र स्पष्ट करावे लागते. खरी अडचण नियम 9 ची आहे. शासनाच्या चालू धोरणावर प्रतिकूल टीका त्यात वर्ज्य आहे, आणि मॅलेथिऑनसारख्या प्रश्नावर वस्तुस्थिती सांगणे कोठे संपते व टीका कोठे सुरू होते, हे शास्त्रज्ञाने एकट्याने ठरवायचे असते. म्हणून तो गप्प बसणे पसंत करतो. राज्य कृषी विद्यापीठांचे नियम वेगळे असले, तरी सवय हीच. संस्थाप्रमुखांनी ‘अमुक विषयावर अमुक व्यक्तीने माध्यमांशी बोलावे’ असे आगाऊ लेखी कळवले, तर या संकोचाचा मोठा भाग दूर होईल. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

शास्त्रज्ञांच्या स्वभावाचाही भाग आहेच. संशोधनपत्रिकेची शिस्त अशी की पूर्ण खात्री होईपर्यंत लिहू नये. थव्याला ही शिस्त ठाऊक नसते. सायंकाळी जिल्हाधिकाऱ्यांना तीन गोष्टी हव्या असतात: थवा कोठे उतरेल, पहाटे काय फवारावे, लोकांना आणि जनावरांना कोठून दूर ठेवावे. तेथे वीस पानांचा अहवाल निरुपयोगी आणि मौन त्याहून वाईट. ‘वारा असाच राहिला तर उद्या दुपारपर्यंत पूर्वेला’ हे सशर्त उत्तरही उपयोगाचे असते. त्या काळात थाळ्या वाजवून टोळ पिटाळण्याची दृश्ये पुन्हा पुन्हा दाखवली गेली. दिवसा पिटाळलेला थवा मरत नाही, शेजाऱ्याच्या शेतात जातो. त्याला मारण्याची वेळ रात्रीची आणि पहाटेची. छोट्या बागेपुरता आवाजाचा उपयोग आहे, हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगणारा आवाज कमी पडला.

तो वेळेवर आला की काय होते, हेही त्याच महिन्यात दिसले. तमिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यात नेरळगिरी गावी रुईच्या झुडपांवर किड्यांचे घोळके दिसले आणि टोळधाड दक्षिणेत पोहोचल्याची आवई उठली. पाहणीनंतर ते स्थानिक नाकतोडे असल्याचे स्पष्ट झाले. रुईवरचा हा रंगीबेरंगी नाकतोडा महाराष्ट्राच्या माळरानांवरही सर्रास आढळतो. त्याचे, वाळवंटी टोळाच्या गुलाबी आणि पिवळ्या अवस्थांचे, आणि मुंबईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळाचे अशी छायाचित्रे मराठी नावांसह, खाली बोलू शकणाऱ्या दोन शास्त्रज्ञांच्या दूरध्वनी क्रमांकांसह, एका पानावर छापून खरीपपूर्व बैठकीत जिल्हा वार्ताहरांच्या आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या हाती देता येतील. खर्च कागदाचा आहे. दरवर्षी मे महिन्याआधी त्यातील क्रमांक चालू आहेत की नाहीत, हे तपासण्याची जबाबदारी मात्र एखाद्या नावानिशी ठरलेल्या माणसावर असावी.