शिळं नव्हे, मुरलेलं!

परवा रविवारी आमच्याकडे १४ माणसं जेवायला होती. सूनबाईने शनिवारी रात्रीच ट्रायफल करून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. जेवणं झाल्यावर काचेचं भांडं टेबलावर आलं आणि पहिला प्रश्न आला, "कालचं का गं?"

प्रश्न आमच्या वन्संचा. (वन्सं, तुम्ही हे वाचणार हे मला ठाऊक आहे. रागावू नका, पण आज मी बोलणारच.) सूनबाई नुसतं "हो" म्हणाली आणि वाढू लागली. मला मात्र ते लागलं.

मंडळी, ट्रायफल हा आदल्या दिवशीच करायचा पदार्थ आहे. तो मूळचा इंग्रजांचा. टॉमस डॉसनच्या १५९६ सालच्या पाकपुस्तकात तो आहे, पण तेव्हा ती नुसती आलं, साखर आणि गुलाबपाणी घातलेली साय होती. केक-फळांचे थर पुढे आले. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली अंडं न घालता कस्टर्ड पावडर बनवली, कारण त्यांच्या बायकोला अंडं सोसत नसे. आपल्याकडच्या शाकाहारी घरांची त्यामुळे मोठीच सोय झाली.

आता थर कसे जमतात ते पाहा. खाली केकचे तुकडे, त्यांवर संत्र्याचा रस, मग फळं आणि जेली. जेली घट्ट झाल्याशिवाय कस्टर्ड ओतायचं नाही, आणि कस्टर्ड पूर्ण गार झाल्याशिवाय जेलीवर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर जेली वितळून सगळा चिखल होतो. केकमध्ये रस मुरायला आणि कस्टर्ड नीट बसायला रात्र लागते. पाहुणे यायच्या तासभर आधी केलेलं ट्रायफल म्हणजे एसटीत शेजारी बसलेली अनोळखी माणसं. एकत्र असतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

सगळंच आदल्या दिवशी करा असं मी म्हणत नाही. केळं आणि सफरचंद काळं पडतं, ते वाढायच्या आधी चिरावं. फेटलेली साय आणि बदामाचे काप वरून आयत्या वेळीच. ताजा अननस तर घालूच नये. त्याच्यातल्या पाचक रसाने जिलेटिनची जेली बसत नाही आणि दुधाचं कस्टर्ड कडवट होतं. डब्यातला चालतो, कारण तो शिजवलेला असतो. आणि भांडं झाकून फ्रीजमध्येच हवं, ओट्यावर नव्हे.

आता मूळ मुद्दा. 'कालचं' म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात. का हो? श्रीखंडाचा चक्का रात्रभर टांगून ठेवतो, तो शिळा नाही. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात. लोणचं तर जितकं मुरेल तितकं चांगलं. शीतळासप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचं जेवायचं, ही रीतही आपलीच.

मी ३४ वर्षं शाळेत शिकवलं. रोज आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीच्या पाठाचं टाचण काढत असे. म्हणून माझा तास शिळा झाला का? उलट टाचण तयार असलं की वर्गात मुलांकडे लक्ष देता येई.

ताज्याचा आग्रह एके काळी योग्यच होता. १९७४ साली मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा फ्रीज नव्हता. उन्हाळ्यात सकाळचं दूध संध्याकाळी नासायचं. फ्रीज आला १९८४ मध्ये. नियम मात्र तोच राहिला. फ्रीज थंड हवा देत राहिला आणि मी गॅसपाशी उभी राहिले. पाहुणे आले की पानात गरम पोळी पडलीच पाहिजे. बाहेर हसण्याचे आवाज येत आणि मी आतून विचारायची, "काय झालं हो?" तोवर विनोद संपलेला असे. माझं पान सगळ्यांच्या शेवटी, गार भात आणि तळाशी उरलेली आमटी. गंमत बघा, ज्या घरात सगळ्यांना ताजं हवं होतं, तिथे करणारीच रोज गार जेवत होती.

वन्सं, तुमच्याही सासरी वेगळं नव्हतं. माहेरी आलात की रात्री गच्चीवर तुम्हीच मला हे सांगायचात. मग आता सूनबाईला तोच प्रश्न का विचारता?

रविवारी ती आमच्याबरोबर पहिल्या पंगतीला बसली होती. तिने तिच्या ऑफिसातला एक किस्सा सांगितला आणि सगळे पोट धरून हसले. तुम्हीही हसलात. ती आत कस्टर्ड ढवळत असती तर तो किस्सा कोणी सांगितला असता?

तेव्हा यापुढे कोणाच्या घरी आदल्या दिवशी केलेला पदार्थ समोर आला, तर 'कालचं का' असं विचारू नका. विचारायचंच असेल तर करणारीला विचारा, "तू जेवलीस का?"

असो. भांडं मात्र चाटूनपुसून रिकामं झालं. वन्संनी दोनदा घेतलं.