गरोदर बाईला उपदेश पुरे, जबाबदारी घ्या!



गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा विषय निघाला की सरकारी भाषणांतून एकच वाक्य ऐकू येते, "स्त्रियांमध्ये जागृती नाही." आम्हाला हे मान्य नाही. गरोदर स्त्रियांना लोहाच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम देशात १९७० साली सुरू झाला. २०१८ साली 'ॲनिमिया मुक्त भारत' मोहीम आली. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५०.४ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता, तो २०१९-२१ च्या पाहणीत ५२.२ टक्क्यांवर गेला. निम्म्या गरोदर बायकांचे रक्त कमी असताना दोष बायकांचाच म्हणायचा काय?

हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की गरोदर बाईला रक्तक्षय झाला. ७ च्या खाली गेले की जिवाला धोका. रुग्णालयच गाठले पाहिजे. उपाय माहीत आहे. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लोह व फॉलिक ॲसिडची एक गोळी, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर जास्त देतात. गोळीने शौचास काळे होते, मळमळते. त्याने अपाय होत नाही, पण हे तिला सांगतो कोण? वर शेजारीण म्हणते, गोळ्यांनी मूल मोठे होऊन बाळंतपण अडते. हे खोटे आहे. २०१९-२१ च्या पाहणीत १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता अवघ्या २६ टक्के निघाल्या, त्यात नवल ते काय?

गाडीचे डबे धुणारी, फलाट झाडणारी कंत्राटी भगिनी पाहा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. पण ती तपासणीला गेली की दिवसाची मजुरी बुडते. जागृती तिला हवी, की तिचा खाडा मांडणाऱ्या ठेकेदाराला आणि त्याला ठेका देणाऱ्या प्रशासनाला?

मात्र केवळ प्रशासनाकडे बोट दाखवून भागणार नाही. गेटसभेत समतेच्या घोषणा द्यायच्या आणि घरी गरोदर बायकोने सर्वांच्या मागून उरलेसुरले खायचे, हे चालणार नाही. मटकीची उसळ, पालेभाजी, वर लिंबू आधी तिच्या ताटात पडले पाहिजे. जेवणाबरोबर व गोळीबरोबर चहा नको. चहामुळे लोह अंगी लागत नाही. इटारसी, खरगपूर, सिकंदराबादच्या वसाहतींत राहणाऱ्या मराठी बांधवांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. सातव्या महिन्यात तिला माहेरी पाठवताना तपासणीचे कार्ड व पुरेशा गोळ्या बरोबर द्या. गाव बदलले म्हणून गोळी थांबता कामा नये.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. गरोदर कंत्राटी कामगाराला ९ तारखेची भरपगारी सुट्टी ठेक्याच्या करारातच लिहा. रेल्वेच्या प्रत्येक दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासणी व गोळ्या कायम मिळाल्या पाहिजेत, आणि त्या कंत्राटी भगिनींनाही. टपाल खात्यातील भगिनींनाही तपासणीसाठी विनातक्रार सवड मिळाली पाहिजे. प्रत्येक शाखेने हा विषय पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.

बोनससाठी आपण रस्त्यावर उतरतो. आपल्याच घरातल्या आईच्या रक्तासाठी उतरायला मुहूर्त पाहायचा नसतो!